एका बोटाचा नमस्कार

वॉरन मला न ओळखता पुढे निघून गेला. ॲडलेडच्या मध्यवस्तीत, गाड्यांना बंदी असलेल्या बाजारपेठेत, मी चपलांच्या दुकानासमोर उभी होते. भेटायचं तिथेच ठरलं होतं. तो समोरून येताना दिसला म्हणून मी हात वर केला, तोंडभर हसले, आणि माझा नवरा माझ्या चेहऱ्याकडे बघत बघत जवळ आला आणि खांबाला घालावा तसा मला वळसा घालून गेला. बाहीला बाही घासली. मी हाक मारली तेव्हा थांबला, आवाजाच्या रोखाने वळला. "इथे होय तू! मी आपला विचारात होतो," म्हणाला. कसल्या विचारात, तर म्हणे कॅराव्हॅनच्या टायरांतल्या हवेच्या. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने असं सांगितलं असतं तर मी त्याला थापाड्या म्हटलं असतं. पण वॉरन टायरांतल्या हवेचा विचार खरोखर करतो, जेवताना करतो, लोकांच्या लग्नात चर्चमध्ये बसूनही करतो. म्हणून तेव्हा मला ते पटलं. संध्याकाळी बटाटे सोलताना मात्र ते आठवलं आणि हात थांबला. त्याने बघितलं होतं. त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते आणि त्या डोळ्यांत मी नव्हते. माणूस इतकी वर्षं एकाच माणसाबरोबर राहतं आणि मग एक दिवस त्याचा खांब होतो, असं होतं का? माझी आई शेवटी शेवटी बाबांशी बोलताना खिडकीकडे बघायची. मला वाटायचं, तिला बाहेर काही दिसतंय. दुसऱ्या दिवशी मी जाऊन केस कापून आले. खांद्यावरचे कानापर्यंत आणले, वर तांबूस रंग लावून घेतला, आरशात मीच मला दोनदा बघितलं. वॉरनने चहा घेतला, "आज गारठा आहे," म्हणाला, आणि पेपर न उघडताच बाजूला सारला. मला रडू आलं. ते मी कांद्यावर ढकललं. घरात त्या दिवशी कांदा नव्हता.

मग मे उजाडला, आणि मे उजाडला की आम्ही निघतो. दक्षिणेत थंडी पडायला लागली की आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या लोकांच्या पायाला भिंगरी लागते. गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, जोडायची, कुंड्या शेजारणीच्या हवाली करायच्या, आणि उत्तरेकडे ऊन शोधत जायचं. आमची कॅराव्हॅन गाडीच्या मानाने थोराड आहे, नाकापेक्षा मोती जड. मी तसं बोलून दाखवलं की वॉरन चिडतो. निवृत्त होईपर्यंत त्याने शहरात बस चालवली, त्यामुळे मागे लांबलचक काही असल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं त्याला वाटतच नाही. मी त्या सगळ्या काळात एका दाताच्या दवाखान्यात लोकांना "डॉक्टर येताहेतच, बसा" सांगत असायचे. आमच्यात चालवायचं काम त्याचं. एकदाच कधीतरी, अगदी सपाट मैदानात, त्याने मला कॅराव्हॅनसकट गाडी चालवू दिली होती, आणि सगळा वेळ शेजारी बसून नसलेला ब्रेक असा काही दाबला की संध्याकाळी त्याच्या पोटरीत गोळा आला. तेव्हापासून माझं काम मागचं. मुक्कामाला पोचल्यावर मी उतरायचं, कॅराव्हॅनच्या मागे उभं राहायचं आणि पिवळं भांडीपुसणं हलवून त्याला रिव्हर्स घेताना दिशा दाखवायची. ओरडायचं नाही. ओरडणाऱ्या जोडप्यांचं काय होतं ते आम्ही बघितलंय. एका कॅराव्हॅन-पार्कात, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या तळावर, एक बाई भर दुपारी पेटी उचलून बसथांब्याकडे चालू लागली होती आणि नवरा अजून आरशात तिलाच शोधत होता.

शहर मागे पडलं की माझ्या आत काहीतरी सैल होतं. पहिल्यांदा गव्हाची कापलेली शेतं येतात, मग खाडीचं सपाट करडं पाणी, मग पोर्ट ऑगस्टाला पेट्रोल, आणि तिथून खिंडीतून वर गेलं की क्वॉर्न, रुंद रस्त्यांचं, रिकामं, दगडी. क्वॉर्नच्या हॉटेलाच्या व्हरांड्यात बसून कॉफी पिताना दरवर्षी मला वाटतं की मी आधी कधीतरी इथेच राहत होते. संध्याकाळी गुलाबी-करड्या काकाकुव्यांचा थवा तारांवर येऊन बसला आणि बाजार उठल्यासारखा कलकलाट करत राहिला. वॉरन मान वाकडी करून ऐकत होता. रात्री कॅराव्हॅनच्या पत्र्यावर निलगिरीच्या बिया पडत होत्या, टप् टप्, किटली आपल्या जागी, चष्मे आपल्या जागी, वॉरन भिंतीकडच्या बाजूला, आणि एवढ्याशा खोक्यात माझं सगळं जग कसं बरोबर मावतंय या विचाराने मला सुख वाटत होतं. तरी त्या सुखात एक खडा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणजे बघायचा, पण माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. पुढे विल्पेनाला डोंगरांच्या त्या मोठ्या कढईत आम्ही गेलो, पायवाटेवर एक रानकांगारू अगदी पुढ्यात उभा राहिला, मी वॉरनचा हात दाबला, तर तो कांगारूकडे न बघता बाजूच्या दगडाकडे बघत "वा!" म्हणाला. मला वाटलं, माझ्यासाठी म्हणाला. मुलांच्या चित्राला म्हणतात तसं. त्या डोंगरांवर उतरतं ऊन होतं, तांबडं, मग जांभळं, आणि मी दगडावर बसून मनातल्या मनात दुसऱ्या बाईची कल्पना करत होते. या वयात, कुठली बाई, बोलिंग क्लबातली का, आणि टायरांतल्या हवेबद्दल ऐकून घ्यायला ती तयार आहे का.

आमच्याकडे रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. हात सोडायचा नाही, फक्त पहिलं बोट, तेही जरासंच. शहरात नाही, शहरात कुणी असं केलं तर लोक पोलिसांना बोलावतील. पण वस्ती विरळ झाली की बोटं उठायला लागतात, आणि दोन कॅराव्हॅना समोरासमोर आल्या आणि बोट उठलं नाही असं होतच नाही. मी या बोटांत वाढले. पिनारूच्या बाजूला आमची गव्हाची शेती होती, आणि बाबांच्या ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी बसून मी नमस्कारांची सगळी बाराखडी शिकले. अनोळखी माणसाला एक बोट. आपल्या माणसाला दोन. पाद्र्याला चार, अंगठा मात्र स्टिअरिंगवरच. आणि लेन काकाला, बाबांच्या सख्ख्या भावाला, काही नाही. कुंपणावरून कधीतरी वाजलं होतं. समोरून काकाचा हिरवा ट्रक यायचा, दोघंही नाकासमोर बघायचे, दोघांचे हात स्टिअरिंगवर खिळलेले, आणि मधल्या त्या क्षणात गाडीतली हवासुद्धा ताठ व्हायची. मी लहान होते, मला वाटायचं की न उचललेलं बोट हीच जगातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे. आजी गेली त्या दिवशी दफनभूमीच्या रस्त्यावर हिरवा ट्रक आला आणि बाबांचं बोट उठलं. मी काकाच्या काचेकडे बघितलं. त्याची दोन उठली होती. बाबा पुढे गाडी बाजूला घेऊन बराच वेळ नाक शिंकरत बसले. वॉरनला मी हे लग्नाआधी सांगितलं होतं, आणि त्याने तेव्हाच ठरवून टाकलं की आपण सगळ्यांना बोट उचलायचं. "बोट उचलायला काय जातंय, ग्लेन," तो म्हणायचा, आणि मेंढ्यांच्या ट्रकला, पोस्टाच्या गाडीला, रस्ता दुरुस्त करणाऱ्यांना, सगळ्यांना उचलायचा. मला त्याचं हेच आवडलं होतं.

हॉकर गाव सोडून आम्ही उत्तरेला लागलो होतो. उजवीकडे डोंगरांची रांग, डावीकडे खारट झुडपांचं मैदान, आणि मध्ये तो रस्ता, ओढ्यांशी खाली उतरणारा आणि पुन्हा वर येणारा. सकाळचं ऊन गुडघ्यांवर होतं. मी संत्रं सोलत होते. समोर उजव्या बाजूला, कुठल्यातरी मेंढवाड्याकडे कच्ची वाट फुटत होती तिथे, एक जुना पांढरा फ्रीज उभा होता. मेंढवाड्याचं घर रस्त्यापासून फार आत असलं की लोक पत्रांसाठी असा बाद झालेला फ्रीज फाट्यावर ठेवतात, दार घट्ट लागतं, पाऊस-धूळ आत जात नाही. असे कितीतरी आम्ही बघितलेत. आणि वॉरनने फ्रीजला बोट उचललं. जरासंच, नेहमीसारखं, शिष्टाचाराने. मला हसू आलं. मी म्हणणारच होते की पाद्री असेल तर चार उचल. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. तो वाट बघत होता, पांढरं काहीतरी आपल्या बाजूने सळकन निघून जाईल याची. ते गेलं, पण वारा आला नाही, आवाज आला नाही, आणि त्याच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटली.

संत्र्याचा रस माझ्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होता आणि मी तो पुसत नव्हते. सगळं एकदम जागेवर येऊन बसलं. चपलांचं दुकान, न उघडलेला पेपर, बाजूच्या दगडाला म्हटलेलं "वा!", माझे तांबूस केस. त्याला मधलं दिसत नव्हतं. जिथे तो बघेल नेमकं तिथलंच दिसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. इतका की पोटात गरम गरम वाटलं. मी खांब झाले नव्हते. बोलिंग क्लबात कुणी नव्हतं. माझा नवरा माझाच होता, त्याला फक्त मी दिसत नव्हते! हा आनंद किती टिकला ठाऊक नाही, कारण समोरच्या चढावर तीन डबे जोडलेला मालाचा ट्रक आला. वॉरनने तो ऐकला असावा, तो नीट डावीकडे सरकला, अगदी हवा तेवढा, बोटही उचललं, ट्रक धडधडत गेला आणि आमची कॅराव्हॅन वाऱ्याने हलली. आम्ही असेच ॲडलेडपासून आलो होतो. खिंडीतून आलो होतो. क्वॉर्नमध्ये शाळा सुटली होती आणि पोरं रस्ता ओलांडत होती, तेव्हाही हाच चालवत होता.

"पुढे डावीकडे झाडाखाली जागा आहे," मी म्हटलं. "चहा घेऊ."

"आत्ताच तर घेतला."

"मला परत हवाय."

त्याने गाडी बाजूला घेतली, खरं तर सुरेख घेतली. सुकलेल्या ओढ्याच्या काठी निलगिरीचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत आम्ही उतरलो. मी थर्मास काढला नाही. गाडीच्या नाकावर हात ठेवून उभी राहिले, पत्रा गरम होता, ते बरं वाटलं.

"वॉरन, तो फ्रीज होता."

त्याने निलगिरीची गळलेली साल बुटाने उलटी केली. मग म्हणाला, "कळलं नंतर. त्याने उलट उचललं नाही ना."

"हे कधीपासून आहे?"

"डावा गेल्या वर्षीपासून. उजवा आता. कडेकडेने सगळं दिसतं गं, झाडं दिसतात, पांढरी रेघ दिसते. मधेच एक डाग आहे, करडा. मी जिकडे बघतो तिकडे तो आधीच जाऊन बसलेला असतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चालवू नका म्हणाले."

"केव्हा म्हणाले?"

"मार्चमध्ये."

मला इतका राग आला की मी निलगिरीच्या खोडाभोवती एक फेरी मारून आले. "अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? क्वॉर्नमध्ये पोरं होती रस्त्यात! तुझी हौस आणि दुसऱ्याच्या पोरांचा जीव! जन्मभर बस चालवली ना तू? दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने असं केलं असतं तर तू त्याला काय म्हणाला असतास?"

"खाली उतर म्हणालो असतो," तो म्हणाला. खाली मान घालून उभा होता, बुटाने साल चिरडत होता. "एक शेवटची वारी करावी म्हटलं. तुला सांगितलं असतं तर तू कॅराव्हॅन विकायला लावली असतीस. आणि मग आपण दोघं त्या घरात. मी खुर्चीत, तू दारात, 'वॉरन, मी आले हं' असं मोठ्याने सांगत." त्याने मान वर केली, डोळे माझ्या कानाच्या पलीकडे. "तुझा चेहरा दिसत नाही, ग्लेन. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल असं वाटतं कधी कधी. पण तो नेमका मधेच असतो."

मी त्याच्याजवळ गेले नाही, राग होता अजून. पण हात पुढे केला आणि त्याने किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली, थोडी बाजूला, करंगळीवर. मी ती मुठीत घेतली. तेव्हा तो जुन्या सवयीने म्हणाला, "पण तुला रिव्हर्स येत नाही." आणि तेवढं मात्र खरं होतं. सरळ रस्त्यावर कुणीही चालवेल. पण या गावांतल्या पार्कांत जागा अरुंद, मागे घेऊनच लावावी लागते, आणि मागे घेताना कॅराव्हॅन उलटी वागते, डावीकडे वळवलं तर उजवीकडे जाते. ते जमलं नाही तर दरवेळी कुणापुढे तरी हात पसरायचे, आणि ते वॉरनला एकदा चालेल, दोनदा चालेल, तिसऱ्यांदा तो स्वतःच म्हणेल की विकून टाक. विकायची की नाही हे आज संध्याकाळी पार्कातल्या पाण्याच्या नळाच्या एखाद्या खुंटाजवळ ठरणार होतं, आणि मला ते अगदी स्पष्ट दिसत होतं.

मी चालवायला बसले. सीट पुढे ओढली, आरसे माझ्यासाठी वळवले, त्याच्या पाठीचा खड्डा अजून सीटमध्ये होता आणि त्यात माझी पाठ बसत नव्हती. मागचं घर आपल्याला ओढत येतं की आपण त्याला, हे पहिले काही मैल समजेना. वाऱ्याची झुळूक आली की ते खांद्याला धरून हलवल्यासारखं वाटे. वॉरन हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखा बसला होता. एकदाही ब्रेक दाबला नाही. त्यापेक्षा दाबला असता तर बरं झालं असतं. समोरून कॅराव्हॅना आल्या, त्यांच्यातली बोटं उठली, आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की माझं एकही बोट सुटेना. पहिल्या वेळी वाटलं, जाऊ दे. पुढच्या वेळी लेन काकाचा हिरवा ट्रक आठवला. ती माणसं आता एकमेकांना काय म्हणत असतील? बघितलीस भवानी, फुगलीय नुसती. वॉरनने विचारलं, "गेली का कुणी गाडी?" मी म्हटलं, "नाही." कशी नाही, आवाज त्यालाही आला होता. तो फक्त "बरं" म्हणाला.

कॉपलीला पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. नेहमीच्या बेकरीतून क्वांडाँग-पाय घेतले, भाजलेल्या पारीचे, गरम, आत ती लाल आंबट रानफळं. वॉरनच्या हनुवटीला रस लागला आणि मी तो पुसला, आणि राग त्या पुसण्यात जरा कमी झाला. पार्कात शेवटची उरलेली जागा पाण्याच्या नळाचा खुंट आणि एक ठेंगणं झाड यांच्यामध्ये होती. आणि अर्थातच बिअरची वेळ झाली होती. घडीच्या खुर्च्या टाकून सगळे बसले होते. नवी कॅराव्हॅन आत आली की त्या खुर्च्या सावकाश वळतात, कुणी बोलत नाही, सगळे आपलं सहजच तिकडे बघत असल्यासारखं बघतात. आमच्याकडे पार्कात हीच संध्याकाळची करमणूक. मीही कैक वेळा खुर्ची वळवली आहे, आणि मिटक्या मारत वळवली आहे, खोटं कशाला बोलू?

वॉरन उतरला. भांडीपुसणं त्याच्या हातात दिलं तेव्हा तो क्षणभर ते चाचपत उभा राहिला, इतकी वर्षं ते माझं होतं. मग खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणाला, "हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेव. वर नाही, तळाशी. कॅराव्हॅनचं बूड जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. डोक्याने विचार करू नकोस, हाताने कर. आणि आरशात मी दिसेनासा झालो की थांब." आणि मागे गेला. आरशात तो दिसला, पिवळं फडकं घेऊन उभा, आणि तोंड भलतीकडेच, डोंगराकडे. कडेने बघायचं म्हणून त्याने मान पार फिरवली होती. खुर्च्यांतून कुणीतरी खुसखुसलं. "म्हातारा देखावा बघतोय काय!" मला ऐकू आलं. मी मागे घेतली. कॅराव्हॅन झाडाकडे गेली. पुढे घेतली, परत मागे, ती खुंटाकडे वाकडी झाली, फडकं वर गेलं, मी थांबले. परत पुढे. परत मागे. बुडाखाली सीट घामाने ओली झाली होती. एकदा तर गाडी आणि कॅराव्हॅन दुमडलेल्या चाकूसारख्या एकमेकींकडे वळल्या. तेव्हा एक लालबुंद गृहस्थ, डेस त्याचं नाव हे नंतर कळलं, बिअर हातात घेऊन उठला. उंटावरचा शहाणा कुठल्याही पार्कात एक तरी असतोच.

"बाई, सरका, मी लावून देतो," तो म्हणाला. "मिनिटाचं काम."

मी सरकणार होते. पाय ब्रेकवरून काढायच्या बेतात होते. मागून वॉरनचा आवाज आला, न ओरडता, पण बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. "लावेल ती. तू बस, मित्रा, तुझी बिअर गरम होतेय."

खुर्च्यांत हशा पिकला, डेससुद्धा हसला. मी हात तळाशी नेला. डोळे आरशात, आरशात पिवळं फडकं, फडक्यामागे दुसरीकडे बघणारा माझा नवरा. त्याला खुंट दिसत होता की नाही मला माहीत नव्हतं. मला दिसत होता. मग लक्षात आलं की तो खुंटाकडे बघतच नाहीये, तो चाकांचा आवाज ऐकतोय, खडीवरून मातीवर, मातीवरून गवतावर, आणि फडकं त्या हिशेबाने हलतंय. मी माझ्या डोळ्यांनी आणि त्याच्या कानांनी मागे घेत गेले. हात थोडा डावीकडे, बूड डावीकडे. सरळ. अजून. अजून. फडकं वर गेलं. मी थांबले. काही वाजलं नाही, काही तुटलं नाही. मग खुर्च्यांतून टाळ्या झाल्या, आणि डेसची बायको नोएला ओरडली, "शाबास गं पोरी! आमच्या ह्यांना याच्या दुप्पट वेळ लागला होता!" मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हसले आणि रडलेही, या वेळी कांद्यावर ढकलायची गरज नव्हती.

संध्याकाळभर आम्ही त्यांच्यात बसलो. डेसने वॉरनला बिअर दिली आणि ती नीट हातात दिली, काही विचारलं नाही. अंधारायच्या आत आम्ही आमच्या पायरीवर येऊन बसलो. डोंगर जांभळे होत होते. मी ते त्याला सांगितलं नाही, कडेने ते त्याला दिसत असणार. त्याने माझ्या मानेवर हात ठेवला, मग तो हात वर गेला आणि थांबला. "ग्लेन, केस कापलेस तू?"

"एप्रिलमध्ये."

"मग सांगायचं नाही का! रंग कुठला?"

"तांबूस."

"शोभत असेल," तो म्हणाला, आणि बोटं तिथेच ठेवली. मला त्याच्यावर अजून थोडा राग होता. पण तो राग आता घरातला होता, रोजचा, कपडे वाळत घालता घालता बोलून टाकायचा. ॲडलेडला गेल्यावर करायचं ते सगळं करायचं होतंच, डॉक्टर, त्याचं लायसन्स परत देणं, सगळं. पण या खुंटाजवळ आमची कॅराव्हॅन सरळ उभी होती.

सकाळी पार्कातून बाहेर पडताना मी फाट्यावर थांबले. डावीकडे दक्षिण, म्हणजे घर. उजवीकडे मारी गाव आणि पुढे खाऱ्या तळ्यांचा मुलूख. वॉरन शेजारी, दोन्ही हात मांडीवर, चेहरा जरा खिडकीकडे वळलेला, म्हणजे मला बघत होता. मी उजवीकडे वळले. तो सीटमध्ये जरा खाली सरकून आरामात बसला. डोंगर हळूहळू बुटके होत गेले, झुडपं विरळ होत गेली, आभाळ वाढत गेलं. स्टिअरिंगवरची माझी पकड केव्हा सैल झाली मला कळलंही नाही. मग लांब समोर काहीतरी पांढरं चमकलं. मी नीट बघून घेतलं. ते हलत होतं, मोठं होत होतं. फ्रीज नव्हता.

"आली," मी म्हटलं.

वॉरनने गुडघ्यावरचं एक बोट उचललं. मी स्टिअरिंगवरचं उचललं. समोरची कॅराव्हॅन सळकन गेली, आमची जराशी हलली, आणि मी तिला सावरून घेतलं.

"त्याने उचललं का?"

त्याने उचललं होतं, एक, सगळे उचलतात तसं.

"दोन," मी म्हटलं.

"म्हणजे ओळखीचा निघाला," वॉरन म्हणाला.